बायकोसाठी, दहा नंबर

मी सँडल बोलतेय. उजवी. डावी माझ्या शेजारीच लटकली आहे, पण पट्टा तुटल्यापासून तिनं तोंड मिटलंय, त्यामुळे दोघींचं मलाच बोलावं लागतंय. रायपूरच्या गुढियारीत चपला-जोडे शिवणाऱ्या धर्मपालचं दुकान आहे, तिथल्या खिळ्यावर गेले आठ दिवस आम्ही आहोत. येणारा प्रत्येक जण मला हातात घेतो, उलटी करून नंबर बघतो आणि खी खी करतो. "भैया, ये किस पहलवान की बीवी का है?" काल एकानं तर मला कानाला लावून "हॅलो, हॅलो" केलं. हसा मेल्यांनो, हसा! पण आधी माझं ऐकून घ्या, मग कोणाला हसायचं ते ठरवा.

माझा जन्म इथलाच, याच दुकानातला. रंग डाळिंबी, टाच दोन इंचांची, पट्ट्यावर पितळेचं छोटं फूल. कातडं मऊ, शिलाई हातची. रूपाचं म्हणाल तर माझ्यात खोट काढून दाखवा! नंबर तेवढा दहा. बायकांच्या सँडला आठाच्या पुढं जात नाहीत म्हणे. कोणी ठरवलं हे? पायाला विचारून ठरवलं का?

त्या दिवशी दुकानात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी, कपाळावर घाम. हे नीलकंठराव. छत्तीसगड राज्य नवं झालं तेव्हा भोपाळच्या फायलींबरोबर तेही रायपूरला आले आणि आता रोज बसनं नव्या राजधानीतल्या मंत्रालयात जातात. त्यांनी इकडं तिकडं बघत खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली. तिच्यावर पेन्सिलीनं काढलेलं पावलाचं माप होतं.

"बायकोसाठी सँडल पाहिजे," ते म्हणाले. "पाय जरा मोठा आहे तिचा."

धर्मपाल मूळचा गोंदियाचा. इकडच्या ‘नाचा’ या लोकनाट्याच्या मंडळींत पुरुषच बाईची, म्हणजे परीची, सोंगं घेतात. त्यांचे जोडे त्यानं वर्षानुवर्षं शिवलेले. त्यानं मापाकडे पाहिलं. करंगळी आत मुडपलेली होती. मग नीलकंठरावांच्या चपलेकडे पाहिलं. तिथंही करंगळी आत मुडपलेली. दुसरा कोणी असता तर डोळा मारला असता. धर्मपालनं स्टूल पुढं सरकवलं.

"कागदावर टाचेचा अंदाज येत नाही साहेब. बसा. पाय द्या."

नीलकंठराव उभेच राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, मी खोटं कशाला सांगू! मग ते बसले आणि बोलायला लागले. बाजारातल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्यानं अख्ख्या काउंटरला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "सर, ये पैर मॅडम का है या मॅडम के भाई का?" मॉलमध्ये म्हणाले, मॅडमना घेऊन या. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी भीतभीत एका जोडीत पाय घालून बघितला, तर दुकानदारानं ती जोडी काढून घेऊन फडक्यानं पुसली. पुसली हो! जणू त्यांच्या पायाला काही लागलं होतं. हे ऐकलं तेव्हा मी अजून कातड्याचा नुसता तुकडा होते, तरी माझ्या तळव्याची आग मस्तकात गेली.

धर्मपालनं माप घेतलं, आम्हाला घडवलं आणि पिशवीत घालून दिलं. नीलकंठराव तरीही जाताना म्हणालेच, "बायकोला आवडतील." तो शब्द मला तेव्हापासून सलतो. घालायचं आपण आणि नाव बायकोचं!

चौबे कॉलनीतलं त्यांचं घर चांगलं, हवेशीर. पण आमचा मुक्काम कुठं? कूलरच्या पोटात! रायपूरचे कूलर होळीपर्यंत व्हरांड्यात चादर पांघरून बसलेले असतात, त्यात कोणी डोकावत नाही. एका निळ्या साडीत गुंडाळून आम्हाला त्यात कोंबलं. ती साडीही बायकोसाठी म्हणूनच आणलेली. अंधार, वाळलेल्या खसाचा वास आणि पाली.

गुरुवारी संध्याकाळी कुमुदवहिनी, म्हणजे त्यांची बायको, भजनाला जायच्या. मग नीलकंठराव दार लावून आम्हाला बाहेर काढायचे. साडी नेसायचे, तीही नीट, निऱ्या सारख्या करून. आमचे पट्टे लावायचे. आणि मग काय करायचे, माहीत आहे? चहा! चहा करायचे, खुर्चीवर बसायचे आणि पेपर वाचायचे. एवढाच तो गुन्हा. दिवसभर ताठ धरलेले खांदे तेवढा एक तास सैल पडायचे. पाऊल न पाऊल माझ्यावर पडायचं म्हणून मला ठाऊक आहे, त्या तासात तो माणूस हलका असायचा. एका तासानं पुन्हा साडीची घडी, पुन्हा आम्ही कूलरमध्ये.

आणि आता खरी चीड येते ती गोष्ट सांगते. हेच नीलकंठराव गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात दरवर्षी सासूबाई होतात. तेव्हा साडी चालते, लिपस्टिक चालते, मंडळाच्या पेटीतल्या काळ्या सँडला चालतात. तिथं मुद्दाम अडखळायचं, धपकन पडायचं, की शिट्ट्या न् टाळ्या! बायका पदर तोंडाला लावून हसतात, पुरुष पाठ थोपटतात. वरून नारळ देऊन सत्कार. म्हणजे बघा, थट्टा करायला साडी नेसली तर कलाकार, आणि आवडते म्हणून नेसली तर तोंड लपवायचं. हा कुठला न्याय, सांगा की मला!

असेच दोन हिवाळे गेले; मधले उन्हाळे आम्ही माळ्यावर काढले. मग यंदाच्या संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बायका इतक्या जमल्या की सतरंजी व्हरांड्यापर्यंत अंथरावी लागली.

"अंजनाबाई, तो कूलर सरकव वो थोडा!" वहिनींनी आतून हाक मारली.

घरकामाच्या अंजनाबाईंनी "हव दीदी" म्हणत कूलर ओढला. मागची जाळी निखळली आणि आम्ही धप्पकन खाली! निळी साडी तेवढी आत अडकून राहिली. अंजनाबाईंना वाटलं, कोण्या पाहुणीनं चोरीच्या भीतीनं नव्या सँडला लपवून ठेवल्या असतील. त्यांनी आम्हाला पदरानं पुसलं आणि दारात, बाकीच्या चपलांच्या रांगेत नेऊन मांडलं.

काय सांगू तुम्हाला! आयुष्यात पहिल्यांदा मी दारात होते. उजेडात, चारचौघींत. शेजारी कोल्हापुरी, पलीकडे मोत्यांची चप्पल. कोणी मला विचारलं नाही की तू कोणाची. तो अर्धा तास माझा होता.

मग बायका उठल्या. तिळगूळ, वाण म्हणून स्टीलची चाळणी आणि हळदीकुंकू घेऊन एकेक जण आपापली चप्पल घालून निघाली. रांग सरत गेली आणि शेवटी आम्ही दोघीच उरलो. शेजारच्या देवश्रीताई तेवढ्या मागं रेंगाळल्या होत्या.

"कुमुद, कोणी राहिलं काय वो आत?"

"नाही वो. सगळ्या गेल्या."

"मंग ह्या कोणाच्या? अनवाणी तर कोणी गेलं नसन!" त्यांनी माझ्यात पाऊल घालून पाहिलं, ते टाचेपर्यंतही पोचेना. "अगं बाई बाई! केवढी हाय ही बया!"

कुमुदवहिनी बिचाऱ्या कुंकवाची कोयरी हातात घेऊन घरभर शोधायला लागल्या. सवाष्ण कुंकवाशिवाय राहिली तर कसं, हा त्यांना घोर. न्हाणीघरात पाहिलं, गच्चीवर पाहिलं. तिच्यासाठी एक चाळणीही बाजूला काढून ठेवली. आणि नेमके त्याच वेळी नीलकंठराव डबा घेऊन फाटकातून आत आले.

"भाऊजी, पाहा बरं, ह्या सँडला कोणाच्या होय?" देवश्रीताईंनी विचारलं.

मी श्वास धरून होते. म्हणा, माझ्या आहेत. एकदा म्हणा!

नीलकंठरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाटकाच्या असतील," ते म्हणाले. "मंडळाच्या पेटीतल्या."

असा संताप आला ना! दुकानात बायकोच्या, दारात नाटकाच्या. जगातल्या सगळ्यांच्या मी, फक्त तुमची नाही!

देवश्रीताई गेल्या. वहिनींनी दार लावलं आणि कोयरी खाली ठेवली.

"मंडळाच्या सँडला काळ्या हायेत. दरसाल त्यांचे पट्टे मीच शिवून देते. ह्या कोणाच्या?"

नीलकंठराव पिशवीतून डबा काढायला लागले.

"कोण हाय ते बाई? ऑफिसातली हाय काय? काहून बोलून नाही राहिले?"

आणि मी पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं. हो म्हणून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. दुसरी बाई आहे, एवढं म्हटलं असतं तर रडारड झाली असती, चार लोक मध्ये पडले असते, वर्षभरात सगळं मिटलंही असतं. दुसरी बाई लोकांना कळते. आम्ही कळत नाही. त्या खोट्या बाईला या घरात जागा मिळाली असती आणि मला मात्र कूलर! मी चामड्याची आहे म्हणून, नाहीतर त्या क्षणी फाटले असते.

वहिनी आत गेल्या आणि कपाटावरची बॅग ओढायला लागल्या. "मी चालली माहेरी, गोंदियाले. राहा तिच्यासंगं."

तेव्हा नीलकंठराव खाली बसले. पँटच्या घड्या वर केल्या. डावीचा पट्टा इतक्या जोरात ओढला की तो तटकन तुटला. तसाच पाय सरकवून ते उभे राहिले आणि दारापासून दिवाणापर्यंत चालत गेले. वळले. परत आले.

नाटकात ते दर चार पावलांना अडखळायचे. आज एकदाही अडखळले नाहीत, तुटक्या पट्ट्यानंसुद्धा नाही. कुमुदवहिनी बॅग हातात धरून बघतच राहिल्या. चोवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"आन् दुकानात काय सांगता?"

"बायकोसाठी."

"माह्या नावानं?" वहिनी अशा कडाडल्या की अंजनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि तशाच मागं वळल्या. "माहा पाय चार नंबरचा! गावभर माहा पाय दहा नंबरचा करून ठेवला! मले एक शब्द सांगाले तोंड नव्हतं, आन् माहं नाव वापराले होतं काय?"

मला त्या क्षणी ती बाई अशी आवडली म्हणून सांगू! माझाच राग तिच्या तोंडून बाहेर पडत होता.

वहिनी गोंदियाला गेल्या नाहीत. पण पंधरा दिवस बोलल्याही नाहीत. ताट वाढायच्या आणि उठून जायच्या. रात्रीतून माणूस बदलतो असं मी सांगणार नाही, तसं काही झालं नाही. त्यांना वाईट वाटत होतं, लाज वाटत होती, आणि नीलकंठरावांना एकटं चहा पिताना बघून रडूही येत होतं. आम्ही दिवाणाखालीच पडून होतो. कोणी आम्हाला परत कूलरमध्ये टाकलं नाही, एवढं खरं.

मग एका सकाळी वहिनींनी आम्हाला वर्तमानपत्रात गुंडाळलं, धर्मपालचा पत्ता विचारून घेतला आणि एकट्याच रिक्षात बसल्या. दुकानात आम्हाला समोर ठेवून म्हणाल्या, "पट्टा तुटला हाय."

धर्मपालनं ओळखलं. तरी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाच्या?"

वहिनींनी रस्त्याकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ह्यांच्या."

आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. ह्यांच्या म्हणजे कोणाच्या, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. एक जण हसायला गेला, पण वहिनींनी अशी नजर टाकली की त्याचं हसू घशातच राहिलं.

"मंग त्यांलेच पाठवा, वहिनी," धर्मपाल म्हणाला. "नवा पट्टा टाकाले पाय पाहा लागते."

म्हणून मी आठ दिवस या खिळ्यावर आहे. ते येतील की नाही, याच एका काळजीत. आज रविवार. समोर एक टोणगा मला हातात घेऊन आपल्या दोस्ताला दाखवतोय, "देख तो, ये किसका होगा!" आणि त्याच्या खांद्यामागं मला इस्त्रीचा शर्ट दिसतोय. मागं चार पावलांवर कुमुदवहिनी, हातात पिशवी घट्ट धरून.

"मेरा है, भैया," नीलकंठराव म्हणाले. आवाज कापला, पण शब्द पुरा निघाला. "इधर दीजिए."

त्या माणसानं मला मुकाट्यानं त्यांच्या हातात दिलं. धर्मपालनं स्टूल पुढं केलं.

माझं एवढंच मागणं आहे. मला शोकेसमध्ये मांडू नका, माझा सत्कार करू नका. उद्या तुमच्या दुकानात एखादा माणूस घामाघूम होऊन आला आणि बायकोसाठी मोठा नंबर मागायला लागला, तर त्याच्याकडे बघून डोळा मारू नका, मॅडम कुठं आहेत म्हणून विचारू नका. स्टूल पुढं सरकवा आणि म्हणा, बसा, पाय द्या.