उलटं निशाण

तिने शिडाच्या जहाजाचा शिक्का निळ्या शाईच्या गादीवर दाबला, जाड पांढऱ्या कागदावर टेकवला आणि श्वास रोखून उचलला. हे आजचं तिसरं जहाज. समोर वडील चष्मा कपाळावर चढवून बसले होते. उभा जन्म जहाजावर दोरखंड आणि नांगर सांभाळण्यात गेलेला हा माणूस आता घरच्या टेबलावर कागदाची जहाजं तपासत होता आणि लेकीच्या नाकी नऊ आणत होता.

पहिलं कार्ड निशाणापायी बाद झालं होतं.

"शिडं पुढे फुगलीयत, म्हणजे वारा मागून आहे. मग निशाण मागे कसं फडकतंय?"

"बाबा, शिक्काच तसा मिळतो."

"तुझा काका बघितल्या बघितल्या हसेल."

"हसू दे की."

वडिलांनी ते कार्ड बाजूला सारलं. काका त्यांच्याच जहाजावर इंजिनावर होता. आठ वर्षं भावाभावांत अबोला, आणि परवा काकाच्या हृदयाचं ऑपरेशन. पाचच्या टपालात कार्ड पडलं तरच ते त्याआधी हातात पडणार होतं. सरळ फोन करा, असं ती कालच म्हणाली होती. त्यावर "आधी कार्ड जाऊ दे" एवढंच उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या कार्डावरचं निशाण तिने ब्लेडने कापून काढलं आणि लाल कागदाचं नवं चिकटवलं, पुढे फडकणारं. तर नांगर आडवा आला. शिक्क्यातल्या नांगराला दोराचा विळखा होता.

"दोरात अडकलेला नांगर कोणी मिरवतं का? लाज असते ती."

म्हणून तिसऱ्यावर लाल निशाणाबरोबर नांगरही तिने कागदातून कापून लावला, बिनदोराचा. खाली निळ्या कागदाच्या तीन लाटा लावल्या, एकीवर एक उठून दिसाव्यात म्हणून मध्ये फोमचे तुकडे. बोटं गोंदाने चिकट झाली होती, मान दुखत होती. चार वीसला तिने कार्ड पुढे सरकवलं.

वडिलांनी लाटांवरून बोट फिरवलं.

"मधली लाट जरा उंचच वाटते."

"बाबा, नाचता येईना..." म्हणता म्हणता ती थांबली. सकाळपासून त्यांनी तीन कार्डांचा दोरन् दोर तपासला होता, पण एकही उघडलं नव्हतं. आतला कागद कोराच होता.

तिने पेन त्यांच्यासमोर ठेवलं.

"तुम्ही आत लिहा. मी हात धुऊन येते."

शाई लवकर निघेना. ती परत आली तेव्हा तिसरं कार्ड होतं तिथेच मिटलेलं होतं आणि वडील पहिल्यावर वाकले होते.

"अहो, ते तर बाद केलंत ना?"

त्यांनी कार्ड तिच्याकडे वळवलं. आत त्यांचं ठसठशीत अक्षर होतं.

'निशाण उलटं आहे. पोरीला सांगून थकलो, ऐकत नाही. बरा झालास की ये आणि तूच समजाव.'

तिने लाल निशाणाच्या कार्डाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. मी ऐकत नाही? शब्द अगदी ओठांवर आले होते.

"पाकीट कुठाय?" वडील खिडकीकडे बघत म्हणाले. "पाच वाजतील."

ती धुसफुसतच पाकीट शोधायला लागली.