घर आणि संस्था

माझ्या मुलाचं, हेरंबचं लग्न झालं आणि मी त्याच्याकडे चंडीगडला राहायला आलो, ते साल दोन हजार चोवीस. त्याआधी जन्मभर पारोळ्याला हमाली केली. साठीपर्यंत सहीच्या जागी अंगठाच उठवायचो, मग प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो.

दिगाला, म्हणजे मला, शाळेत घाला, म्हणून माझी थोरली बहीण लहानपणी बापाशी भांडली होती. बापाने ऐकलं नाही. आता अक्का अंथरुणाला खिळली होती आणि कानांनी पार बहिरी झाली होती. फोनवर तिच्याशी काय बोलणार? म्हणून दर रविवारी अकरा वाजता माझी सून सुमेधा लॅपटॉप लावून द्यायची आणि मी त्याच्यासमोर बसून पुस्तक वाचायचो. तिकडे भाचा माधव अक्कासमोर मोबाईल धरायचा. तिला शब्दही ऐकू यायचा नाही. माझं बोट ओळीखालून सरकताना बघायची, मी पान उलटलं की हसायची.

सुमेधा सेक्टर ३९ च्या संस्थेत संशोधन करते. तिथल्या नेटसाठी लॅपटॉपमध्ये ठरावीक आकडे भरावे लागतात, आणि ते असले की घरचं नेट चालत नाही. रोजची अदलाबदल नको म्हणून तिने आत दोन नावं करून ठेवली होती, तीही मराठीत: घर आणि संस्था. जिथे असू ते निवडायचं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिला पिंजौरला मैत्रिणीकडे जायचं होतं. हेरंबची सेक्टर ३२ ला ड्यूटी होती. तिकडे डॉक्टरांनी अक्काचे चार-आठ दिवस सांगितले होते, त्यामुळे वाचन चुकवायचं नव्हतं. शनिवारी संस्थेत जाण्याआधी सुमेधाने मला सगळं दाखवलं. आधी ही खूण दाबायची, मग ती, मग घर. मी मान डोलावत राहिलो.

"बाबा, लिहून देऊ का?"

"लिहून कशाला? आहे ध्यानात."

ध्यानात काहीच नव्हतं. कळलं नाही की मान डोलवायची, ही अंगठेबहाद्दराची सवय. बँकेत, दवाखान्यात असंच निभावलं. अक्षरं आली, पण सवय गेली नाही.

रविवारी लॅपटॉप उघडला, तो आदल्या दिवशीच्या 'संस्था'वरच राहिला होता. कोपऱ्यात पंख्यासारखी खूण दिसत होती, पण अक्का काही दिसेना. इकडे दाबलं, तिकडे दाबलं. 'घर' कुठेच सापडेना. शेजारी इंद्रजीतजी होते, त्यांनी दोन मिनिटांत लावून दिलं असतं. पण गेल्याच आठवड्यात मी त्यांच्यापुढे मिरवलो होतो, की मैं सब चला लेता हूँ. त्यावर ते हसून म्हणाले होते, "बाबाजी, फिर हमें भी सिखा दो." आता कुठल्या तोंडाने जाणार? सुमेधाला फोन करायलाही बोट धजेना.

साडेअकराला माधवचा फोन आला. "मामा, आई केव्हाची उशीला टेकून बसलीय. नवं लुगडं नेसवून घेतलंय."

"लाईट गेली रे," मी म्हणालो. पंखा डोक्यावर फिरत होता.

त्याने तिला खुणेने सांगितलं असावं. फोनमधून तिचा आवाज आला, "मग दिव्याजवळ बस म्हणावं त्याला." लाईट नसली की नेटही नसतं, हे तिला कुठून ठाऊक असणार?

संध्याकाळी सुमेधा आली. तिने दोनदा दाबून 'घर' निवडलं आणि विचारलं, "आत्यांना लावू?" मी नको म्हणालो. फोन लागला असता तर माधवने लाईटचं काढलं असतं आणि सुमेधासमोर मी खोटा पडलो असतो. अक्का झोपली असेल, उद्या वाचतो, असं सांगितलं. सात वाजले होते. अक्का नऊपर्यंत जागी असते, हे मला माहीत होतं.

नंतर मी सुमेधाकडून सगळं लिहून घेतलं. तीन ओळी आहेत, ठळक मराठीत. मला सहज वाचता येतात.

माझी बहीण कौतिकाबाई सोमवारी, अठरा नोव्हेंबर दोन हजार चोवीसला, सकाळी साडेसहा वाजता पारोळ्याला वारली.