तक्रारीसाठी संपर्क

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. देहाने म्हणाल तर साधी खुर्ची त्यांना पुरत नसे. पण धंदा बारीक अक्षरांचा, म्हणून गिऱ्हाइकांनी गमतीने नाव पाडलं आणि ते चिकटलं. कुणी घरच्या घरी जॅम करतं, कुणी मध भरतं, कुणी सॉस. माल करायला सगळ्यांना येतो हो, पण बाटलीवर काय छापायचं म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. मग सगळे बारीकरावांकडे. कुठला घटक आधी, कुठला नंतर, निव्वळ वजन किती, कोणत्या तारखेच्या आत खावं, कुणाला काय खाऊन त्रास होऊ शकतो, हे सगळं ते आगपेटीएवढ्या जागेत बसवून देत. वर वाचताही येई.

काम घरातच. बाहेरच्या खोलीत संगणक, छपाईचं यंत्र आणि स्टिकरची रिळं. आतल्या खोलीत पलंग, आणि बायको गेल्यापासून पलंगाच्या अर्ध्या भागावर न घडी केलेले कपडे. लेक लांब, इथे दिवस तर तिथे रात्र. ती फोन करायची, नाही असं नाही, पण कायम घाईत. "बाबा, जेवलात ना? बरे आहात ना?" दोन्हीला हो म्हटलं की बोलणं संपलं. गिऱ्हाइकंही हल्ली सगळं मेसेजवर कळवत. दिवसचे दिवस बारीकरावांच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि मग भाजीवाल्याशी बोलायची वेळ आली की आधी घसा खाकरावा लागे. घर नुसतं खायला उठायचं.

आता चूक कशी झाली ते ऐका. नवं लेबल जुळवताना तक्रारीच्या नंबराची जागा रिकामी ठेवली तर ओळ विस्कटते. म्हणून बारीकराव तिथे नमुना म्हणून स्वतःचाच नंबर टाकत. छापण्याआधी गिऱ्हाइकाने तो बदलून घ्यायचा, अशी रीत. बिस्किटांची भट्टी चालवणारी एक तरुण बाई होती. तिला नमुना पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "काका, तुम्ही केलंय म्हणजे ठीकच असणार, छापा." तिने वाचलं नाही, यांनी तपासलं नाही, आणि रीळच्या रीळ छापून पाकिटांवर चढलं.

पहिला फोन आला तेव्हा बारीकराव दचकलेच.

"बिस्किटवाले का? तक्रार आहे माझी," पलीकडून एक वयस्क बाई कडाडल्या. "तुमचं पाकीट फाडलं की अर्धी बिस्किटं जमिनीवर! याला पाकीट म्हणतात?"

नंबर चुकीचा छापलाय, एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण बारीकरावांच्या तोंडून निघून गेलं, "खरंय हो तुमचं. सांगतो भट्टीवर."

"तुम्हीच करता का बिस्किटं?"

"हो. मीच."

घ्या! ज्या माणसाला साधा चहा धड जमत नव्हता, तो एका फोनात बिस्किटवाला झाला.

त्या बाई निवृत्त नर्स होत्या. सगळं आयुष्य वॉर्डात गेलेलं, लग्न केलं नाही, बहीण होती ती वारली. पुढे पाकिटाची तक्रार मागे पडली आणि दुसऱ्या निघाल्या. बिस्किट फार गोड आहे, कमी गोड आहे, चहात लगेच विरघळतं. तक्रारी संपल्यावर गप्पा. "आज काय म्हणते तुमची भट्टी?" त्या विचारायच्या, आणि बारीकराव संगणकासमोर बसून सांगायचे, "तापलीय चांगली. दोन ताटं आत्ताच बाहेर काढली." नर्सबाई सांगायच्या, वॉर्डात एक म्हातारा औषधाच्या गोळ्या उशीखाली कशा लपवायचा ते. दोघंही पोट धरून हसायचे. संध्याकाळ झाली की बारीकरावांचं निम्मं लक्ष फोनकडेच.

इतरही फोन येत. लोकांना बोलायला काहीतरी निमित्त हवं असतं, आणि पाकिटावर नंबर आयताच मिळतो. बारीकराव सगळ्यांशी गोड बोलत.

भट्टीवालीने दुसरं रीळ मागितलं तेव्हा मात्र त्यांना चांगलं आठवत होतं. लेबल उघडलं, नंबरापाशी थांबले, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, आणि तसंच छापलं. पहिली चूक होती. ही चूक नव्हती, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग एका गृहस्थांचा फोन आला. "तुमच्या बिस्किटांना हल्ली शेंगदाण्याची चव लागते. लेबलवर तर शेंगदाणा कुठेच नाही."

दुसऱ्या कुणाचं लेबल असतं तर बारीकराव ताडकन उठले असते. पण भट्टीवालीला कळवायचं म्हणजे फोन माझ्याकडे कसा आला हे सांगणं आलं. मग नंबर बदलणार. मग संध्याकाळी काय करायचं?

"पीठ जरा जास्त भाजलं गेलं असेल," ते म्हणाले. गृहस्थांचं समाधान झालं. बारीकरावांनी विषय मनाआड केला.

पुढच्या महिन्यात एका आईचा फोन आला. रडतच बोलत होती. "शेंगदाणा चालत नाही माझ्या मुलीला, म्हणून प्रत्येक पाकीट वाचून घेते मी. तुमचंही वाचलं होतं. ओठ सुजले हो तिचे! आत्ता दवाखान्यातून घरी आणलंय. खरं खरं सांगा, काय घालता त्यात?"

बारीकराव आता ताडकन उठले. "मी... मला ठाऊक नाही हो," ते कसेबसे म्हणाले. "पण आत्ता लगेच विचारतो आणि तुम्हाला कळवतो."

त्यांनी तिथल्या तिथे भट्टीवालीला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी पिठाची गिरणी बदलली. नव्या गिरणीत शेंगदाणाही दळतात. मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी माल थांबवला असता." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुकानांतली पाकिटं तिने परत मागवली, त्या आईला स्वतः फोन केला. नव्या लेबलवर शेंगदाण्याचा इशारा आला, तक्रारीला तिचा नंबर आला, आणि ते लेबल तिने दुसऱ्याच कुणाकडून करून घेतलं.

राहिल्या नर्सबाई. त्यांना स्वतःहून सांगायचं बारीकरावांनी ठरवलं. पहिल्यांदाच त्यांनी आपणहून फोन लावला.

"अहो बिस्किटवाले! आज तुम्ही कसा काय फोन केलात?" त्यांचा आवाज एकदम खुलला होता.

बारीकरावांनी सांगितलं. मुलीचं, शेंगदाण्याचं, त्या गृहस्थांच्या फोनचं, भट्टीचं.

"पोर कशी आहे?" नर्सबाईंनी आधी तेच विचारलं.

"बरी आहे."

"ओठ सुजतात तसा घसाही सुजतो. श्वास अडकतो. ठाऊक आहे?"

"आता ठाऊक आहे."

"आणि महिनाभर तुम्ही गप्प बसलात?"

"हो."

"का?"

"तुमचा फोन बंद होईल म्हणून," बारीकराव म्हणाले. एवढं खरं ते कुणाशी कधी बोलले नव्हते.

 फोन कटला की काय म्हणून त्यांनी हॅलो म्हटलं.

"आहे मी," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणजे भट्टी नाहीच."

"नाही. एक खोली आहे आणि संगणक. पण बाकी बोलत होतो तो मीच होतो हो. हसत होतो तोही मीच. मी अधूनमधून फोन केला तर चालेल का?"

"तुम्हाला मी ओळखत नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही, थकून म्हणाल्या. "मी त्या बिस्किटवाल्याशी बोलत होते. फार चांगला माणूस होता तो."

आणि त्यांनी फोन ठेवला.