घरगाडीतली पुढची सीट

निजामाच्या अमलात ज्यांनी कधी नळदुर्गापलीकडं मजल मारली नाही, ते नारायणराव उपाध्ये चौसष्ट साली चक्क ऑस्ट्रिया फिरून तुळजापूरला परतले. मग काय, रोज संध्याकाळी ओसरीवर गर्दी! सांगायचे तर असं, की जणू ते डोंगर यांनीच रचले. आत त्यांची बायको चंद्रप्रभाबाई चहा गाळत ऐकायच्या. त्यांनी तिकडं बरेच दिवस काय पाहिलं होतं? कढई.

त्याचं असं झालं. थोरला मल्लिकार्जुन जर्मनीत नोकरीला. त्यानं आईबापाला बोलावून घेतलं, ऑस्ट्रिया दाखवतो म्हणाला. नारायणरावांनी कसाबसा समुद्र ओलांडला. पण हॉटेलातलं पाणीसुद्धा पिणार नाही म्हणून अडून बसले. पोरानं अक्कल लढवली आणि भाड्यानं एक घरगाडी आणली. मोटार इवलीशी, पण आत शेगडी, बिछाना, पडदे, सगळा संसार. "अप्पा, आता तुमची चूल तुमच्याबरोबर फिरेल."

अप्पा खूश! चूल पेटवणारीचं काय, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मल्लिकार्जुन गाडी चालवायचा, नारायणराव शेजारच्या सीटवर ऐटीत. चंद्रप्रभाबाई मागं, रस्त्याकडं पाठ करून, घसरणारे डबे पायानं अडवत. गाडी थांबली की बापलेक तळं बघायला उतरायचे आणि या पिठलं ढवळायच्या. शेगडीपाशी खिडकी होती, पण ती कायम वाफेनं आंधळी. "अगं, काय तो बर्फ!" असं म्हणत नारायणराव यायचे आणि ताटावर बसायचे. एवढ्या लांब येऊन आपण आपल्याच स्वयंपाकघरात, या विचारानं बाईंना रडू यायचं. एकदा धीर करून त्या म्हणाल्या, "मी जरा पुढं बसू का?"

"आणि डबे कोण धरणार?" नारायणराव म्हणाले. विषय संपला. परतायचे दिवस तर जवळ येत होते.

एका सकाळी बाई गाडीच्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या. "मला शिवू नका. कावळा शिवलाय."

नारायणराव बघतच राहिले. घरी अशा वेळी बायका मागच्या खोलीत बसायच्या. इथं मागं तर चूल! सोवळ्याच्या हिशेबानं चुलीपासून लांब अशी जागा एकच.

"पुढं बस," ते म्हणाले.

देवीच्या गावची बाई, आणि सकाळी सकाळी धडधडीत खोटं! त्यांचं ते बंद होऊन वर्ष उलटलं होतं. पकडलं जाण्याच्या भीतीनं नवऱ्याकडं न बघताच त्या पुढं चढून बसल्या. पण गाडी घाट चढायला लागली आणि समोरच्या काचेत डोंगर मावेना. गळ्यात मोठाल्या घंटा बांधलेल्या गाई, वाळत घातलेलं गवत, कांद्यासारखा कळस असलेलं चर्च.

"अगं बाई! मल्लू, जरा हळू घे रे!"

मागं धाडकन डबा पडला. "मीठ कुठं ठेवलंस?" नारायणराव ओरडले.

"तुमच्या डोक्यावर बघा!" बाईंनी मान वळवली नाही. लग्नानंतर एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. नारायणरावांनी केलेलं पिठलं करपलेलं होतं, तेही त्यांनी मिटक्या मारत खाल्लं. चौथ्या दिवशी न्हाऊन मुकाट्यानं शेगडीपाशी परतल्या. मन भरलं नव्हतं, पण रीत ती रीत.

आज ओसरीवरून शेजारच्या विष्णुपंतांनी आत हाक दिली, "वहिनी, तुम्हाला काय आवडलं तिकडचं?"

"डोंगर," त्या म्हणाल्या.

मंडळी पांगल्यावर नारायणराव रिकामी कपबशी ठेवायला आत आले. जरा घुटमळले. "एक विचारायचं राहिलंय. चौथ्या दिवशी न्हायची घाई का केलीस? मी अजून चार दिवस रांधलं असतं."

बाईंच्या हातातलं गाळणं खाली पडलं. "म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"इतकी वर्षं संसार केलाय, एवढं कळत नाही होय?"

"मग तिथंच का नाही बोललात?"

"बोललो असतो," नारायणराव गाळणं उचलत म्हणाले, "तर तू पुढं बसली असतीस का?"