तौनोच्या बर्फाच्या वह्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या माझा मुक्काम लाकडांच्या खोपटात, बर्चच्या ओंडक्यांशेजारी असतो. पडद्यावर धूळ बसली आहे आणि कळफलकावरून उंदीर फिरतात. मला त्याचं काही वाटत नाही. माझी लायकी तीच आहे.

चौदा वर्षांपूर्वी तौनोने मला तलावाकाठच्या या घरी आणलं आणि खिडकीपाशी बसवलं. त्याच्याकडे एक्केचाळीस वह्या होत्या. दर वसंतात तलावावरचा बर्फ कोणत्या दिवशी फुटला, हे आधी त्याच्या वडिलांनी आणि मग त्याने त्यांत लिहून ठेवलं होतं. तारखेपुढे घरातली एखादी गोष्ट असायची. ‘बर्फ ११ मेला फुटला. ऐलाला लग्नाचं विचारलं. हो म्हणाली.’ अशी. दोन हिवाळे तौनो एका बोटाने त्या वह्या माझ्यात उतरवत होता. काय कौतुक व्हायचं माझं! “एवढ्याशा डब्यात अख्खं घर मावलं बघ,” असं तो ऐलाला, म्हणजे आपल्या बायकोला, पुन्हा पुन्हा सांगायचा.

सगळं उतरवून झाल्यावर त्याने वह्या सौनाच्या, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या खोलीच्या, चुलीत घातल्या. इकडे जुना कागद कुणी साठवत नाही, लाकडं पेटवायला तो बरा पडतो. दर शनिवारी एक वही जळायची आणि शेजारचा राइमो येऊन त्या वाफेत बसायचा. तौनोला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी होतो ना!

मग ऐलाचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग मुलांची नावं आणि शेवटी तौनोसुद्धा. पण दुपारच्या कॉफीला तौनो माझ्यातलं एखादं पान वाचायचा आणि ती एकदम हसायची. “अगंबाई, तू होडीतून आला होतास! मोजे ओले झाले होते तुझे!” तेवढी पाच मिनिटं त्याला त्याची बायको परत मिळायची. मला तेव्हा फार धन्य वाटायचं.

गेल्या मार्चमध्ये घात झाला. बर्फाचे नकाशे फुकट देणारा कुठलासा प्रोग्राम तौनोने एका अनोळखी साइटवरून माझ्यात घेतला. नकाशे आले आणि त्यांच्या आडून चोरही आला.

मी किती खुणा केल्या म्हणून सांगू! तौनो नुसता कॉफी पीत बसलेला असायचा, तरी माझा पंखा घोंघावत राहायचा. अंग तापायचं. सुरू व्हायला मी इतका वेळ घ्यायचो की तोवर त्याचं दाढी करून व्हायचं. इंटरनेटचं पहिलं पान आपोआप बदललं, न मागितलेल्या जाहिराती टपाटप उघडू लागल्या. माझा राखणदार अँटिव्हायरस चालू केला की पुन्हा बंद पडायचा. तौनोने माझ्या पाठीवर थोपटलं. “थकलास होय रे? मीही थकलोय. चालायचंच.” अहो, थकवा नव्हता तो! पण मला तोंड कुठे होतं?

एप्रिलमधल्या एका सकाळी माझा पडदा लाल झाला. पैसे भरा, नाहीतर तुमच्या फाइली कायमच्या बंद, असं त्यावर लिहिलं होतं. तौनो मला उचलून गावातल्या दुकानात घेऊन गेला. तिथली मुलगी बराच वेळ खटपट करत होती.

“पैसे भरूनही मिळतीलच याचा भरवसा नाही,” ती म्हणाली. “दुसरीकडे कुठे प्रत ठेवली होती का?”

“नाही.”

“मग मूळ वह्या तरी?”

“सौनात जाळल्या.”

तिने माझी वायर नीट गुंडाळली आणि मला तौनोच्या हातात परत दिलं.

त्या शनिवारी राइमो माझ्यासमोर टोपी चुरगाळत उभा राहिला. “अरे, तुझं पत्र आलं होतं मला संगणकावर. तीन आठवडे झाले. तरुण व्हायच्या गोळ्या घे म्हणून.”

“मी कधी पाठवलं?” तौनो दचकला. माझ्यातल्या चोरानेच त्याच्या नावाने ते धाडलं होतं. “आणि तीन शनिवार माझ्या शेजारी बसलास की! बोलला का नाहीस?”

“म्हटलं, ऐलाचं हे असं, डोकं फिरलं असेल तुझं. माणसाला कशाला लाजवायचं?”

तौनो चिडला नाही. “लाजवायचं होतंस रे,” एवढंच म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरचं यंत्र उगाच तापू लागलं, अडखळू लागलं, मनानेच काहीबाही करू लागलं, तर त्याला म्हातारं म्हणून सोडून देऊ नका. जाणत्या माणसाला दाखवा. जिवाभावाचं जे असेल त्याची दुसरी प्रत ठेवा. आणि मित्राच्या नावाने विचित्र पत्र आलं, तर भीड न धरता त्याला विचारा. माझी एवढी विनंती ऐका. माझ्या हातून तौनोचं फार मोठं नुकसान झालं आहे.

काल तौनो आणि राइमो लाकडं न्यायला इथे आले होते. तौनोला त्या वह्यांमधली चारच पानं तोंडपाठ आहेत. कॉफीच्या वेळी तो तीच म्हणतो.

“आज ११ मेचं सांगितलं,” तो राइमोला म्हणाला. “होडी, ओले मोजे, सगळं सांगितलं.”

“मग? हसली का?”

“हसली. म्हणाली, छान गोष्ट आहे. कोणाची हो?”