गारठलेल्यांना जाग

काकांच्या कारखान्यात कोळंबी शिजवून, गोठवून पाकिटात भरत. घेणाऱ्याने ती वितळवायची आणि तशीच खायची. या वेळची खेप रुग्णालयात जाणार होती, म्हणून तपासणीचं काम बघणारी पुतणी धास्तावली होती. आजारी माणसाच्या पोटात लिस्टेरिया नावाचा जंतू गेला, तर जिवावर बेततं.

तिने वितळलेल्या कोळंबीचा अंश तपासणीच्या बशीत पसरला. बशी कोरीच राहिली, जंतूंचा एकही ठिपका उमटला नाही.

“झालं समाधान? कर सही,” काका म्हणाले. “अगं, त्या गोठवायच्या खोलीत माझे दात वाजतात, जंतू काय तग धरणार!”

“त्यांना दात कुठे असतात, काका? फ्रीजच्या थंडीत लिस्टेरिया सावकाश वाढतो. फ्रीजरमध्ये वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. काही नुसते गारठून पडतात.”

“मग बशीत का नाही दिसले?”

“बशीत इतर जंतूंना रोखणारं औषध असतं. धडधाकट लिस्टेरिया ते पचवतो, गारठलेल्याला सोसत नाही. तुम्ही कुडकुडत घरी आलात आणि काकूने दारातच जिने चढउतार करायला लावले तर?”

“ती लावेलही,” काका पुटपुटले.

पुतणीने आता दुसरा अंश आधी सौम्य, पौष्टिक रसात उबेला ठेवला. माल न्यायची गाडी दाराशी उभी होती. काका येता-जाता विचारत, “काय, उठली का तुझी मंडळी?”

मंडळी उठली. तो रस पसरलेल्या नव्या बशीत काळे ठिपके उमटले आणि पुढच्या चाचणीत ती लिस्टेरियाच ठरली. काका तडक गाडीपाशी गेले. चालकाला म्हणाले, “गाडी आत घे. हा माल नष्ट करायचा.”

पण शिजलेल्या कोळंबीत जंतू आले कुठून? पुतणी पाकिटं भरायच्या टेबलापाशी वाकली, तसा मानेवर गार थेंब पडला. वर थंड हवेच्या पंख्याखाली पाणी साठायचा ट्रे होता. टेबल रोज घासलं जाई. ट्रे मात्र कायम गार, म्हणून स्वच्छच असणार, असं सगळे धरून चालले होते. काकांनी शिडीवर चढून आत बोट फिरवलं.

“शी! बुळबुळीत आहे गं!”

त्या पाण्यातूनही तेच ठिपके उठले.

ट्रे उतरवून घासला, जंतुनाशकाने धुतला, टेबल थेंबांपासून दूर सरकवलं. नवी खेप गोठल्यावर काकाच प्रयोगशाळेच्या दारात हजर. “थेट बशीत नको हं! आधी रस पाज, ऊब दे, चांगले लाड कर.”

लाड झाले. बशा उघडल्या.

“उठलं का कुणी?”

“झोपायला कुणी नव्हतंच, काका!”

तिने सही केली. काकांनी गाडीच्या पत्र्यावर दणदणीत थाप मारली. “सोड गाडी!”