बिनस्पोकाचं चाक

मंगलीने कॅरियरवरचं पोतं सोडलं आणि आतली दोन काळी चाकं अयूबच्या दुकानाच्या फळीवर एकावर एक ठेवली. चाकं नवीकोरी, अलॉयची, मोटरसायकलीला असतात तशी. स्पोक एकही नाही. मधल्या हबपासून रिमपर्यंत पाच जाड हात, बस्स.

"हे बसवून द्या, अयूबभाऊ," ती म्हणाली. "भाच्याकडून नागपूरहून मागवले. मागच्या मंगळवारी पुन्हा चार स्पोक तुटले. सामान लादून तीन कोस ढकलत आणली सायकल. आता ते स्पोकच नको मले."

अयूबने वरचं चाक उचललं, उलटंसुलटं केलं आणि खाली ठेवलं. राजुऱ्यात बत्तीस वर्षं त्याचं सायकलीचं दुकान होतं. चाकाचा आउट काढण्यात, म्हणजे डुलणारं चाक एकेक स्पोक कसून सरळ करण्यात, त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. अयूबभाऊने बांधलेलं चाक डुलत नाही, असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. त्याच माणसाच्या दारात येऊन ही बाई स्पोक नको म्हणत होती. हलवायाच्या दुकानात जाऊन साखर नको म्हणण्यातलाच हा प्रकार होता.

पण मंगली काही उगाच बोलणारी बाई नव्हती. जिवतीकडच्या डोंगरातल्या वीस-बावीस गावांचे हातपंप ती दुरुस्त करायची. पाइप धरायचे मोठे पान्हे, साखळ्या, लोखंडी सळया असं मणभर ओझं कॅरियरवर लादून ती चढ चढायची. तीन वर्षांपूर्वी अयूबनेच तिच्या सायकलीच्या फ्रेममध्ये पेट्रोलवर चालणारी लहानशी मोटर बसवून दिली होती. ती पाहून आणखी लोक आले आणि त्याच्या हातच्या अशा सायकली आता अकरा झाल्या होत्या.

मोटरची चेन डाव्या बाजूने मागच्या चाकाची दातेरी चकती फिरवायची. ही चकती अयूब रबर आणि नटबोल्ट लावून थेट स्पोकांवर आवळायचा. त्याच्या बघण्यात सगळे तसंच करत. मग स्पोक तुटायचे. तुटले की तो कधी रस्त्याला दोष द्यायचा, कधी ओझ्याला, आणि दोन्ही पुरले नाहीत तर हल्लीच्या पोलादाला. स्वतःच्या बसवण्याचा नंबर त्यात कधी लागला नाही. एकदा त्याच्या मुलीने, आफ्रीनने, सगळे स्पोक डावीकडेच आणि चकतीखालीच तुटतात हे बोट ठेवून दाखवलं होतं. तेव्हा त्याने तिला आपला अभ्यास बघायला सांगितलं होतं.

नाही म्हणावं असं अयूबच्या अगदी ओठावर आलं. पण नाही म्हटलं तर मंगली चंद्रपूरला जाणार, तिथे कोणीतरी चाकं बसवून देणार आणि अयूबला जमलं नाही हे चार लोकांत होणार. त्याने सायकल ठेवून जायला सांगितलं आणि परवाचा वायदा केला.

"परवा नक्की पायजे," मंगली म्हणाली. "डोंगरातल्या एका गावचा पंप पाच दिवसांपासून बंद आहे. बाया नाल्यात झरा खोदून पाणी आणून राह्यल्या."

ती बसने परत गेली.

पुढचं चाक अर्ध्या तासात बसलं. अयूबने ते सवयीने फिरवलं, चाक धरणाऱ्या चिमट्याशी खिळा टेकवून आउट पाहिला. आउट नव्हताच. काढायला काहीच नाही याचा त्याला मनापासून राग आला.

मागचं चाक मात्र हटून बसलं. चकती आवळायची तर कशावर? स्पोक नाहीत, आणि ते पाच जाड हात नटबोल्टच्या कवेत येईनात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने चाक मांडीवर घेऊन सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि शेवटी ठरवलं की हातांना भोकं पाडायची आणि चकती त्यांवरच बोल्टने कसायची. स्पोकवाल्याच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय? भोकाची खूण करायला त्याने पहिल्या हातावर पंच ठेवून हातोडीचा एक ठोका दिला आणि ड्रिल मशीन हातात घेतलं.

तेवढ्यात आफ्रीन डबा घेऊन आली. आयटीआयमधून टर्नर होऊन ती गेल्या वर्षापासून चौकातल्या धनराजभाऊंच्या लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, कामाला होती. पंचाची खूण पाहताच तिने डबा खाली ठेवला आणि ड्रिलची पिन बोर्डातून काढली.

"अब्बा, भोक पाडू नका. सगळं ओझं याच हातांवर येते. भोकापासून तडा जाईन."

"मंग चकती काय हवेत राहीन?"

तिने चाक उलटं केलं. हबच्या डाव्या अंगाला आटे पाडलेली सहा भोकं होती. अयूबला ती दिसली नव्हती असं नाही. ती डिस्क ब्रेकची, हे त्यालाही ठाऊक होतं. मंगलीच्या सायकलीचा मागचा ब्रेक रिमवर घासणाऱ्या रबरांचा होता आणि तोच राहणार होता. तेव्हा ही भोकं आपल्या काय कामाची, असं म्हणून त्याने ती सोडून दिली होती.

"एवढी गाडी थांबवाचा जोर हे सहा बोल्ट सोसते," आफ्रीन म्हणाली. "मंग तिले ओढाचा जोर काऊन नाई सोसणार? मधात एक प्लेट पायजे फक्त. मी बनवते."

अयूबने ड्रिल खोक्यात ठेवून दिलं. आफ्रीनने हबचं, भोकांचं, चकतीचं, चेन टायरला घासू नये म्हणून ठेवायच्या अंतराचं माप घेतलं आणि जेवण तसंच ठेवून ती लेथवर गेली. चार वाजता ती परतली तेव्हा तिच्या हातात तळहातापेक्षा थोडी मोठी पोलादी प्लेट होती. मधल्या सहा भोकांनी ती हबवर बसली, बाहेरच्या नऊ भोकांवर चकती बसली. एकाही बोल्टला ठोकावं लागलं नाही.

अयूबने चकतीच्या कडेशी खिळा धरला आणि चाक फिरवलं. खिळा एका जागी किंचित टिकटिकला.

"आउट आहे," तो म्हणाला.

"केसाएवढा असन, अब्बा."

"केसाएवढा आउट चेन उतरवते. आणि चेन उतरते ते घाटातच उतरते."

दुसरी कोणी असती तर वाद घातला असता. आफ्रीनने खाली बसून स्वतः चाक फिरवलं, स्वतःच्या कानांनी टिकटिक ऐकली आणि प्लेट खोलली. ती पुन्हा लेथवर गेली. दिवेलागणीला आली तेव्हा तिच्या ओढणीवर लोखंडाचा चुरा चमकत होता. या वेळी चाक फिरलं तेव्हा खिळ्याला काहीच लागलं नाही. दात एकामागोमाग एक खिळ्याशेजारून सरकत राहिले, आणि अंतर तसूभर हललं नाही. चाक थांबलं की अयूब पुन्हा फिरवायचा. एवढं बघायची काही गरज नव्हती. आपल्या लेकीच्या हातचं काम आपल्या हातच्या कामाइतकं, कदाचित त्याहून जास्त, खरं उतरलंय, या अभिमानाने त्याचा ऊर भरून आला होता. तोंडाने मात्र तो एवढंच म्हणाला, की डबा गार झाला असेल, जेवून घे.

ठरल्याप्रमाणे मंगली दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आली. तिने सोबत आणलेलं आपलं सगळं सामान लादलं, पायडल मारून मोटर चालू केली आणि बसस्थानकापर्यंत चक्कर मारून आली. उतरताना तिचा चेहरा खुलला होता. मोटर जोरात खेचली तरी मागून कुरकुर नाही की हिसका नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मग वाकून तिने प्लेट पाहिली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"या वेळी चकती अशी हबवर बसवली," ती म्हणाली. "आधी स्पोकांवर होती. म्हणून तुटत होते का स्पोक?"

प्रश्न अयूबला होता. त्याने पुसलेला पान्हा पुन्हा पुसायला घेतला. शेजारचा चहावाला ऐकत होता, पंक्चर काढायला आलेले दोघं ऐकत होते. बत्तीस वर्षांचं नाव होतं, आणि ते सगळं त्या क्षणी त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

आफ्रीनने बापाकडे पाहिलं आणि तीच पुढे झाली.

"तसं नाई, बाई. रस्ते खराब आहेत ना. आणि तुमचं ओझंही लय असते."

ती त्याचीच वाक्यं होती. तिने ती त्याची अब्रू झाकायला वापरली होती, चाकावर फडकं टाकावं इतक्या सहज. स्वतःच्या तोंडून ती वाक्यं अयूबला कधी खोटी वाटली नव्हती. आपल्यासाठी पोरगी खोटं बोलली, आणि तेही तिचं स्वतःचं खरं काम समोर उभं असताना, हे मात्र त्याला सोसवेना. त्याने पान्हा खाली ठेवला.

"रस्त्याचा दोष नाई, मंगलीबाई," तो म्हणाला. "ओझ्याचाही नाई. मीनं चकती जिथं आवळली, तिथंच स्पोक तुटत होते. हे पोरगीनं मले दोन वर्षांआधीच दाखवलं होतं. मीनंच ऐकलं नाई."

मंगली प्लेटवरचा हात काढून सरळ उभी राहिली.

"तीन कोस ढकलली मी, अयूबभाऊ."

"हो," अयूब म्हणाला.

मंगलीने ओझ्याची दोरी एकदा ओढून पाहिली आणि सायकलीचं हँडल धरलं.

"तुमी गावोगाव जाता," अयूब म्हणाला. "माह्या हातच्या अशा अजून दहा सायकली आहेत. जिथं दिसन तिथं सांगा, चकती स्पोकांवर आहे ते बदलून घ्या म्हणा. राजुऱ्याले आणा म्हणा."

"सांगते तुमचं नाव."

"माह्यं नाई," अयूब म्हणाला. "आफ्रीनचं सांगा. हे काम ते करते."

आफ्रीन खाली वाकून पान्हे गोळा करू लागली. पान्हे केव्हाच गोळा करून झाले होते.

मंगलीने सायकल पुन्हा स्टँडला लावली, कमरेचा मोबाइल काढला आणि अयूबला ओलांडून दोन पावलं पुढे येत आफ्रीनला तिचा नंबर विचारला.